शब्दांची ओळ, वाक्याची वीण

‘मुलीने आंबा खाल्ला’ हे वाक्य बोलायला जेमतेम एक सेकंद लागतो. तेवढ्यात ऐकणाऱ्याच्या मेंदूत बरेच काम उरकलेले असते. ध्वनींच्या सलग प्रवाहातून तीन शब्द सुटे होतात. ‘-ने’ या प्रत्ययावरून खाणारी कोण हे कळते. ‘आंबा’ प्रत्ययावाचून आलेला, म्हणून ते कर्म असावे असा अंदाज बांधला जातो. शेवटी ‘खाल्ला’ येते आणि त्याचे पुल्लिंगी एकवचनी रूप मुलीशी न जुळता आंब्याशी जुळते. कोणी ‘मुलीने आंबा खाल्ली’ म्हटले, तर मराठी माणूस थबकतो. कर्मणी प्रयोग म्हणजे काय हे त्याला सांगता येवो वा न येवो, शाळेत तो गेलेला असो वा नसो, त्याचे थबकणे चुकत नाही. नियम सांगता येत नाही, पण मोडला की तत्क्षणी कळतो. हे ज्ञान मेंदूत कोठे असते, वाक्य कानावर पडत असताना ते कसे कामाला लागते आणि मेंदूला इजा झाली की त्याचे काय होते, हे प्रश्न या विषयाच्या केंद्रस्थानी आहेत.

प्रश्न अवघड होतो तो एका साध्या वस्तुस्थितीमुळे. शब्द एकामागून एक, ओळीने येतात. अर्थ मात्र त्या ओळीप्रमाणे लागत नाही. ‘काल आलेल्या पाहुण्यांच्या मुलीने आणलेला आंबा गोड होता’ या वाक्यात ‘काल’ हा शब्द ‘होता’शी नव्हे, ‘आलेल्या’शी जोडलेला आहे. ‘पाहुण्यांच्या’ मुलीला चिकटते, ‘मुलीने’ आणण्याला, आणि हा सगळा पसारा मिळून एका आंब्याचे विशेषण होतो. पदबंधाच्या पोटात पदबंध, त्याच्या पोटात आणखी एक, अशी ही उतरंड असते. शब्दापुढे शब्द जोडणाऱ्या साखळीने तिचा उलगडा होत नाही, असे नोम चॉम्स्की यांनी १९५७ साली ‘सिंटॅक्टिक स्ट्रक्चर्स’ या पुस्तकात दाखवले. तेव्हापासून मानसशास्त्र आणि मेंदूविज्ञान यांच्यापुढे एक निश्चित काम आले: ओळीने आलेल्या शब्दांतून मेंदू खरोखर अशी रचना उभारतो का, आणि उभारत असेल तर कशी, हे शोधणे.

वाक्य ऐकणाऱ्याला त्याचा बोध कसा होतो, हा विचार भारतात फार जुना आहे. पाणिनीने अष्टाध्यायीच्या सुमारे चार हजार सूत्रांत संस्कृतची रचना बांधली. पुढे मीमांसक आणि नैयायिक यांनी शाब्दबोधाच्या अटी नेमक्या केल्या. पहिली आकांक्षा: एका पदाला दुसऱ्या पदाची अपेक्षा असली पाहिजे, ‘गाय, घोडा, माणूस, हत्ती’ एवढे शब्द ओळीने मांडल्याने वाक्य होत नाही. दुसरी योग्यता: जोडलेल्या अर्थांचा मेळ बसला पाहिजे, ‘विस्तवाने शिंपतो’ हे याचे प्रसिद्ध प्रत्युदाहरण. तिसरी सन्निधी: पदे वेळेच्या दृष्टीने एकमेकांजवळ आली पाहिजेत, एक शब्द सकाळी आणि दुसरा संध्याकाळी उच्चारला तर बोध होणार नाही. या विचारवंतांचा विषय ज्ञान हा होता, मेंदू नव्हे. तरीही रचनेची अपेक्षा, अर्थाचा मेळ आणि काळाची मर्यादा हे जे तीन पदर त्यांनी वेगळे केले, तेच पदर आजच्या प्रयोगशाळांतही वेगवेगळे मोजावे लागतात.

मेंदूच्या बाजूने पहिला ठोस पुरावा पॅरिसमधून आला. बिसेत्र रुग्णालयात लबोर्न्य नावाचा एक रुग्ण वर्षानुवर्षे होता. त्याला बोललेले बरेचसे समजे, पण त्याच्या तोंडून बहुधा ‘तां’ एवढाच उच्चार निघे. एप्रिल १८६१मध्ये तो मरण पावल्यावर शल्यविशारद पॉल ब्रोका यांनी त्याचा मेंदू तपासला. डाव्या गोलार्धाच्या पुढच्या भागात, कपाळाच्या बाजूला खालच्या अंगाला, त्यांना इजा आढळली. आणखी रुग्ण तपासून १८६५पर्यंत ते या निष्कर्षाला आले की बोलण्याची क्षमता मुख्यतः डाव्या गोलार्धावर अवलंबून असते. तो भाग आज ‘ब्रोका क्षेत्र’ म्हणून ओळखला जातो. १८७४ साली जर्मन वैद्य कार्ल वेर्निके यांनी याच्या उलट चित्र मांडले. त्यांचे रुग्ण अस्खलित बोलत, पण बोलण्याला अर्थ नसे आणि दुसऱ्याचे बोलणे त्यांना समजत नसे. त्यांची इजा डाव्या कानाच्या वरच्या बाजूला, मागच्या भागात होती. पुढे बोलण्याचे केंद्र, मागे समजण्याचे केंद्र आणि दोहोंना जोडणारा चेतातंतूंचा जुडगा, असा नकाशा तयार झाला आणि तो जवळजवळ शंभर वर्षे टिकला.

या नकाशात व्याकरणाला वेगळी जागा नव्हती. ती १९७६ साली एका प्रयोगाने निर्माण केली. ब्रोका क्षेत्राच्या परिसरात इजा झालेले रुग्ण तुटक बोलतात, विभक्ती आणि साहाय्यक क्रियापदे गाळतात. पण समजण्यात त्यांना अडचण नसते, असा समज होता. अल्फोन्सो कारामाझा आणि एडगर झुरिफ यांनी त्यांना वाक्ये ऐकवून योग्य चित्र निवडायला सांगितले. ‘मुलगा खात असलेले सफरचंद लाल आहे’ अशा अर्थाचे वाक्य त्यांना कळले. ‘मुलगा जिचा पाठलाग करतो आहे ती मुलगी उंच आहे’ अशा वाक्याशी मात्र ते अडले. पहिल्या वाक्यात सफरचंदाने मुलाला खाणे शक्यच नाही, त्यामुळे शब्दांचे अर्थ कळले की पुरते. दुसऱ्यात मुलगा आणि मुलगी दोघेही पाठलाग करू शकतात. कोण कोणाचा पाठलाग करतो हे फक्त रचना सांगते. म्हणजे योग्यतेच्या आधाराने हे रुग्ण अर्थ लावत होते आणि तो आधार काढून घेताच त्यांची व्याकरणातली उणीव उघडी पडली.

मग या रुग्णांचे व्याकरण पुसलेच गेले होते काय? १९८३ साली मार्सिया लाइनबार्गर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशाच रुग्णांना शुद्ध आणि अशुद्ध वाक्ये ऐकवून निवाडा मागितला. बऱ्याच प्रकारच्या चुका त्यांनी बरोबर ओळखल्या. जे वाक्य त्यांना रचता येत नव्हते, ते मोडले आहे हे मात्र कळत होते. ज्ञान शिल्लक होते. वाक्य चालू असताना ते वेळेत हाताशी येत नव्हते. या एका निष्कर्षाने विषयाची दिशा पालटली. व्याकरण म्हणजे मेंदूच्या एखाद्या कोपऱ्यात ठेवलेली नियमांची वही नव्हे. ते क्षणाक्षणाला करायचे काम आहे आणि ते वेळेत झाले नाही तर नियम ठाऊक असूनही उपयोग होत नाही.

भाषा बदलली की इजेची खूणही बदलते. इंग्रजीत प्रत्यय गळाला तरी उरलेला शब्द स्वतंत्र शब्दच असतो, म्हणून इंग्रजीभाषक रुग्ण प्रत्यय गाळतात. हिब्रू किंवा इटालियनमध्ये प्रत्ययावाचून उरते ते शब्द म्हणून उच्चारताच येत नाही; तिथले रुग्ण प्रत्यय गाळण्याऐवजी चुकीचा प्रत्यय लावतात. मराठीभाषक रुग्ण प्रत्यय गाळेल की चुकीचा लावेल, असा प्रश्न मराठीच्या अभ्यासकाला यातून आपोआप सुचतो, कारण मराठीत ‘घर’ हा शब्द आहे, पण ‘घराला’मधले ‘घरा’ हे नुसते सामान्यरूप आहे, एकटे उभे राहू न शकणारे. दुसरा तितकाच महत्त्वाचा पुरावा बहिऱ्या व्यक्तींच्या खुणांच्या भाषेतून मिळाला. अमेरिकी खुणाभाषेत व्याकरण हातांच्या हालचालींतून आणि अवकाशातील जागांतून व्यक्त होते. तरीही ती मोडते डाव्या गोलार्धाच्या इजेने, हे हॉवर्ड पोइझ्नर, एडवर्ड क्लिमा आणि अर्सुला बेलुगी यांनी १९८७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातून दिसले. मेंदूतील व्याकरण जिभेशी आणि कानाशी बांधलेले नाही. ते रचनेशी बांधलेले आहे.

इजेवरून कोणता भाग आवश्यक आहे ते कळते, पण काम कोणत्या क्षणी होते ते कळत नाही. त्यासाठी मेंदूच्या विद्युत्-लहरी उपयोगी पडल्या. डोक्याला बाहेरून लावलेल्या पट्ट्यांनी त्या सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत अचूक नोंदवता येतात. १९८० साली अमेरिकेत मार्टा कुटास आणि स्टीव्हन हिलयार्ड यांनी वाचकांना एकेक शब्द दाखवून वाक्ये वाचायला दिली. ‘गरम पावाला मोजे लावले’ अशा धर्तीचे वाक्य आले की शेवटच्या शब्दानंतर सुमारे ४०० मिलिसेकंदांनी लहर ऋण दिशेला झुकत असे. या लहरीचे नाव ‘एन-४००’. १९९२-९३मध्ये ली ऑस्टरहाउट आणि फिलिप होलकोम्ब यांनी अमेरिकेत, तर पीटर हॅगोर्ट आणि सहकाऱ्यांनी नेदरलँड्समध्ये वेगळ्या प्रकारचा बिघाड तपासला. अर्थ ठीक, पण रचना मोडलेली किंवा वाटेत फसवणारी असली की सुमारे ६०० मिलिसेकंदांनी धन दिशेची लहर उठते, ती ‘पी-६००’. योग्यता बिघडली की एक लहर आणि आकांक्षा बिघडली की दुसरी, अशी सरळ वाटणी झाल्यासारखे वाटले.

ती तितकी सरळ राहिली नाही. ‘भाकरीने मुलाला खाल्ले’ या धर्तीच्या वाक्यांत रचना निर्दोष आहे, बिघाड अर्थाचा आहे. तरी अशा इंग्रजी आणि डच वाक्यांना पुढच्या प्रयोगांत पी-६०० आढळली. उलट बाजूचा पुरावा हिंदीतून आला. क्रियापदाच्या रूपानुसार कर्त्याला ‘ने’ लागायला हवे की नको, हा हिंदीत निव्वळ व्याकरणाचा नियम आहे. कमल चौधरी आणि सहकाऱ्यांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हा नियम मोडला असता एन-४०० दिसली. कारण ‘ने’ हा कर्ता कोण हे सांगणारा प्रत्यय आहे. तो चुकला की अर्थाचाच धागा हलतो. म्हणजे मेंदू व्याकरण आणि अर्थ यांना दोन वेगळ्या खात्यांत टाकून चालत नाही. कोणत्या खुणेवर किती भिस्त ठेवायची हे तो ज्या त्या भाषेकडून शिकतो.

मराठीत ही भिस्त विशेष नाजूक आहे. ‘त्याने आंबा…’ एवढे ऐकताच ‘खातो’ ही शक्यता बाद होते. ‘खाल्ला’ किंवा ‘खावा’ असे काही येणार हे ठरते. ‘मी आंबा…’ ऐकून मात्र काहीच ठरत नाही. ‘मी आंबा खातो’ हा कर्तरी प्रयोग आणि ‘मी आंबा खाल्ला’ हा कर्मणी, पण ‘मी’ला दोन्हीकडे प्रत्यय नाही. निकाल क्रियापदावर लागतो. क्रियापद तर शेवटी येते. तोवर मेंदू थांबून राहतो काय?

थांबत नाही, असे क्रियापद शेवटी ठेवणाऱ्या जपानी भाषेतील प्रयोगांनी दाखवले. युकी कामिदे, गेरी ऑल्टमन आणि सारा हेवूड यांच्या २००३ सालच्या अभ्यासात ऐकणाऱ्यांसमोर हॉटेलातली वाढपीण, गिऱ्हाईक आणि खाद्यपदार्थ असलेले चित्र होते. ‘वाढपीण’ला कर्त्याचा आणि ‘गिऱ्हाईक’ला संप्रदानाचा प्रत्यय ऐकू येताच, पदार्थाचे नाव उच्चारले जाण्याआधीच, त्यांची नजर पदार्थाकडे वळू लागली. क्रियापद अजून दूर होते. प्रत्ययांच्या जोडीवरूनच देण्याघेण्याची क्रिया मनात उभी राहिली होती. आकांक्षा ही अशी कामाला लागते: आलेला प्रत्येक शब्द पुढे काय यायला हवे याची जागा आखून ठेवतो आणि डोळे त्या जागेकडे आधीच पोहोचतात.

आखलेल्या जागा भरेपर्यंत लक्षात ठेवाव्या लागतात, आणि इथे सन्निधीची मर्यादा आड येते. ‘शिक्षकाने मुलाने आईने दिलेला डबा उघडल्याचे पाहिले’ या वाक्यात व्याकरणाची एकही चूक नाही, पण ते पहिल्या वाचनात क्वचितच कळते. ‘आईने दिलेला डबा मुलाने उघडला, हे शिक्षकाने पाहिले’ असे म्हटले की अडचण संपते. शब्द जवळजवळ तेच आहेत. फरक एवढाच की पहिल्या वाक्यात तीन कर्ते क्रियापदाची वाट पाहत ताटकळतात, दुसऱ्यात प्रत्येकाला त्याची क्रिया लगेच मिळते. निर्दोष असूनही समजेनाशा होणाऱ्या अशा वाक्यांकडे जॉर्ज मिलर आणि चॉम्स्की यांनी १९६३ साली लक्ष वेधले. अडचण नुसत्या अंतराची नाही, हे नंतर स्पष्ट झाले. तिन्ही शब्दांना एकच ‘-ने’ आहे, तिन्ही माणसे आहेत. म्हणून ‘उघडणे’ची वेळ आली की मेंदूला योग्य माणूस निवडताना घोटाळा होतो. श्रवण वसिष्ठ आणि रिचर्ड लुइस यांनी हिंदीवर काम करून आणखी एक गोष्ट दाखवली: नाम आणि क्रियापद यांच्यामध्ये जास्त शब्द आले तर कधी कधी क्रियापद उलट लवकर वाचले जाते, कारण मधले शब्द कोणते क्रियापद येणार याची चाहूल देतात. शेवटी क्रियापद ठेवणाऱ्या भाषा बोलणाऱ्यांच्या मेंदूसाठी वाट पाहणे हा भार असतो आणि तयारीची संधीही.

अंदाज बांधणारा मेंदू कधी चुकणारच. ‘आजीने बाळाला शांत करणाऱ्या मुलीला खाऊ दिला’ हे वाक्य ऐकताना पहिल्या दोन शब्दांवर आजी बाळाचे काहीतरी करते आहे असे चित्र तयार होते. ‘करणाऱ्या’ येताच बाळ आजीकडून निघून मुलीकडे जाते आणि वाक्य नव्याने बांधावे लागते. थॉमस बेव्हर यांनी १९७० साली अशी फसवी वाक्ये चर्चेत आणली. १९८२ साली लिन फ्रेझियर आणि कीथ रेनर यांनी वाचकांच्या डोळ्यांच्या हालचाली मोजल्या, तेव्हा फसलेल्या जागी नजर रेंगाळते आणि मागे फिरते असे दिसले. म्हणजे मेंदू वाक्य संपेपर्यंत सगळ्या शक्यता सारख्या मोकळ्या ठेवत नाही. तो शब्दागणिक रचना उभारत जातो आणि गरज पडली तर पाडून पुन्हा बांधतो. सुमारे ६०० मिलिसेकंदांची लहर बरेच अभ्यासक या पुनर्बांधणीची खूण मानतात.

ही बांधणी मेंदूत कोठे चालते, हे पाहण्याची सोय एफएमआरआय या तंत्राने झाली. काम करणाऱ्या भागाकडे प्राणवायूयुक्त रक्त जास्त जाते. ते हे यंत्र टिपते. जागा अचूक कळते, वेळ मात्र काही सेकंदांनी मागे असते. २०११ साली क्रिस्तोफ पालिए, स्तानिस्लास देहान आणि सहकाऱ्यांनी फ्रेंच भाषकांना बारा-बारा शब्दांच्या माळा दाखवल्या. काही माळांत शब्द सुटे होते. काहींत दोन, तीन, चार, सहा शब्दांचे पदबंध होते. काहींत बाराही शब्दांचे एक वाक्य होते. पदबंध जितका मोठा, तितकी डाव्या गोलार्धातील ब्रोका क्षेत्राच्या परिसरातली आणि कानामागच्या भागातली हालचाल वाढत गेली. नाम-क्रियापदांच्या जागी निरर्थक शब्द घालून फक्त व्याकरणाचा सांगाडा ठेवला, तरी पुढच्या भागात आणि मागच्या टोकाला ही वाढ टिकली.

काळाच्या बाजूने असाच पुरावा २०१६ साली नाइ डिंग, डेव्हिड पोपेल आणि सहकाऱ्यांनी दिला. त्यांनी चिनी भाषेतली अक्षरे एका ठेक्यात ऐकवली, सेकंदाला चार. दोन अक्षरांचा एक पदबंध आणि चार अक्षरांचे एक वाक्य होत असे. आवाजात कोठेही विराम नव्हता. चिनी जाणणाऱ्यांच्या मेंदूत अक्षरांच्या लयीबरोबर पदबंधाची आणि वाक्याची लयही उमटली. चिनी न जाणणाऱ्यांच्या मेंदूत फक्त अक्षरांची लय होती. आवाज दोघांच्या कानांवर सारखाच पडला होता. पदबंध आणि वाक्य हवेत नव्हते. ते ऐकणाऱ्याने रचले होते.

मतभेद उरतात ते या कामाच्या विभागणीबद्दल. जर्मनीतील लाइपझिग येथील अँजेला फ्रीडेरिची यांच्या मते ब्रोका क्षेत्राचा एक विशिष्ट भाग, मेंदूच्या भागांना क्रमांक देणाऱ्या ब्रॉडमनच्या नकाशातला ४४ क्रमांकाचा, शब्द जोडून रचना करण्याचे काम करतो आणि चेतातंतूंच्या कमानदार जुडग्याने तो मागच्या भागाशी बांधलेला असतो. अमेरिकेतील एव्हेलिना फेडोरेंको यांचे म्हणणे वेगळे आहे: शब्दार्थ आणि रचना ही दोन्ही कामे भाषेच्या सगळ्या जाळ्यात पसरलेली असून व्याकरणाचा असा एकच पत्ता नाही. त्यांच्याच गटाच्या २०२२च्या अभ्यासात १२ कुळांतील ४५ भाषांच्या भाषकांमध्ये हे जाळे मोठ्या प्रमाणात सारखे आढळले. जुन्या पुराव्याचेही पुन्हा वाचन झाले आहे. नीना ड्रोंकर्स आणि सहकाऱ्यांनी २००७ साली जतन केलेल्या लबोर्न्यच्या मेंदूची चित्रे घेतली, तेव्हा इजा ब्रोकांनी बाहेरून पाहिली त्याहून खूप खोल, जोडणाऱ्या तंतूंपर्यंत गेलेली दिसली. एका ठिपक्यावर बोट ठेवण्याऐवजी जोडण्यांकडे पाहायला हवे, यावर आता बहुतेकांचे एकमत होत आहे.

मुलांच्या वाढीतून याच जोडण्यांचा इतिहास दिसतो. नवजात बाळाच्या मेंदूत ऐकण्याचे आणि उच्चाराचे भाग जोडलेले असतात, पण ब्रोका क्षेत्राकडे जाणारा कमानदार मार्ग अजून तयार नसतो. तो सावकाश, बालपणभर पक्व होत जातो. कर्ता आधी, कर्म नंतर हा नेहमीचा क्रम उलटलेली वाक्ये लहान मुलांना दीर्घकाळ अवघड जातात, याच्याशी हे जुळते. जन्माच्या सुमारास डाव्या गोलार्धाला मोठी इजा झालेल्या मुलांमध्ये भाषा बहुधा उजव्या गोलार्धात वसते आणि ती मुले चांगली बोलू लागतात. प्रौढाच्या मेंदूला ही मुभा फार कमी उरते.

म्हणूनच पक्षाघातानंतर वाचा गेलेल्या माणसासाठी या सगळ्या अभ्यासाला महत्त्व आहे. नियम पुसले गेले नसून ते वेळेत हाताशी येत नाहीत, हे एकदा कळले की उपचाराचा हेतू बदलतो. रुग्णाला व्याकरण शिकवायचे नसते. त्याच्याजवळ असलेले व्याकरण वापरायला त्याला वेळ आणि आधार द्यायचा असतो. वाक्य छोटे करणे, कर्ता आणि क्रिया जवळ आणणे, कोण कोणाला हे संदर्भाने स्पष्ट ठेवणे, सावकाश बोलणे, ही घरच्या माणसांनाही जमण्यासारखी मदत आहे. मराठीभाषक रुग्णाच्या चाचण्या इंग्रजीवरून उतरवून भागणार नाही. मराठीत प्रत्यय, सामान्यरूप आणि तिन्ही प्रयोग जिथे काम करतात तिथेच रुग्ण कोठे अडतो हे पाहावे लागेल: ‘आईने मुलीला बोलावले’ आणि ‘आईला मुलीने बोलावले’ यांतला फरक त्याला कळतो का, ‘आंबा खाल्ली’ ऐकून तो थबकतो का. तो थबकला, तर त्याचे व्याकरण अजून शाबूत आहे, आणि उपचाराला तिथून सुरुवात करता येते.